बैठकीतली मोटरसायकल

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
तुला आणि मेहुण्यांना आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक.

एक आनंदाची बातमी आहे, खाली बसून वाच. मी मोटरसायकल घेतली.

निवृत्त होऊन महिना झाला. बांधकाम परवानगी खात्यात हयात गेली. शेकडो घरांचे नकाशे पाहिले, बरेचसे परत पाठवले, पण स्वतःच्या हातानं एक वीटसुद्धा रचली नाही. निरोपाच्या वेळी साहेबांनी मनगटी घड्याळ दिलं आणि म्हणाले, "आता तुमच्याकडे वेळच वेळ आहे." घरी आल्यावर कळलं, ते घड्याळ मागे पडतं.

तर गाडी. गाडी जुनी आहे. नुसती जुनी नव्हे, दुर्मिळ. माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे, त्यामुळे मी तिला अहो-जाहो करावं असं तुझ्या वहिनीचं मत आहे. मिळाली आमच्या दंतवैद्यांकडून. दाढ दाखवायला गेलो होतो. माझ्या तोंडात आरसा घालून ते म्हणाले, "तुम्हाला जुन्या वस्तूंची आवड दिसते." मला 'आ'च्या पलीकडे काही बोलता येत नव्हतं. त्यांनी ते 'हां' असं ऐकलं. थोडक्यात, दाढ गेली आणि गाडी आली. अगदी मातीमोल भावात.

त्यांनी ती कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली होती. सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती, तिची समजूत काढण्यात थोडा वेळ गेला. "गाडी चालू स्थितीत होती. नुसता हात फिरवा, झाली," असं दंतवैद्य म्हणाले. त्यातला 'होती' हा शब्द मी घरी आल्यावर नीट ऐकला. हातगाडीवरून आणली. चाकं वेगळी, टाकी वेगळी आणि इंजिन पोत्यांत. एका पोत्यात काय आहे ते त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, "पण टाकू नका. लागेल."

मला तिला पहिल्यासारखी करायची आहे. उन्हाळा संपायच्या आत तुझ्या दारात येऊन उभा राहतो की नाही बघ.

गाडी सध्या बैठकीच्या खोलीत आहे. बाहेर ठेवली तर आणखी गंजेल. तुझ्या वहिनीच्या मनात त्या खोलीत पाळणाघर काढायचं होतं. मी निवृत्त झालो की काढू, असं मीच म्हणालो होतो. पण पाळणाघर काय, कधीही काढता येतं. मुलं होतच राहतात. अशी गाडी पुन्हा मिळत नाही. तिला हे समजावून सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे संमती आहे.

तुझा,
दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार.

पत्र बसून वाचलं, वाचून झाल्यावर आडवी झाले. चूक एवढीच केली की शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि मोठ्यानं हसले. आपली मुख्याध्यापिका हसू शकते हे आमच्या शिक्षकांना ठाऊक नव्हतं. दोघांनी तेवढ्यात रजेचे अर्ज पुढे केले. मीही सही करून बसले. याला जबाबदार तू.

दादा, मधमाश्या आठवतात का? मध कुणालाच मिळाला नाही, डंख मात्र सगळ्या आळीला मिळाले. त्यानंतर दुर्बीण आणलीस. तिच्यातून ग्रह दिसायच्या ऐवजी समोरच्या गच्चीवरचे कपडे स्पष्ट दिसायला लागले आणि ती घाईघाईनं विकावी लागली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुझ्या बाबतीत मी सवलत देऊन पंधरा धरते.

पण थट्टा पुरे, एक विचारते. वहिनी काही बोलल्या नाहीत म्हणजे संमती, हे तुला कुणी शिकवलं? तुझ्या खात्याकडून अर्जाला उत्तर आलं नाही की लोक काय समजायचे? परवानगी मिळाली असं?

वहिनी गेली कित्येक वर्षं त्या पाळणाघराबद्दल बोलताहेत. भिंतीला कुठला रंग द्यायचा तेसुद्धा त्यांनी मला सांगून ठेवलंय. खोली रिकामी कर. गाडीला मागच्या अंगणात ताडपत्री पुरेल.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून म्हणाले, "कुठल्या कंपनीची आहे?" मी उत्तर दिलं नाही. ही साथ आमच्या घरात नको.

तुझी,
धाकटी


३ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कामाच्या रगाड्यात होतो. तुझ्या पत्रातल्या सगळ्या मुद्द्यांचा योग्य तो विचार चालू आहे.

गाडीचं काम जोरात सुरू आहे. आतापर्यंत एक नट सुटला. त्याचे आटे उलटे होते हे मागाहून कळलं, त्यामुळे खरं पाहता तो सुटला नाही, तुटला. पण जागेवरून हलला हे महत्त्वाचं. गाडीची मूळ पुस्तिकाही मिळाली आहे. ती कुठल्या भाषेत आहे ते कळत नाही, पण चित्रं बोलकी आहेत.

मुख्य बातमी वेगळीच. मी इथल्या जुनी वाहने जतन मंडळाचा चिटणीस झालो! मंडळ दर रविवारी दंतवैद्यांच्या दवाखान्यात, रोगी जिथं वाट बघत बसतात त्या बाकांवर भरतं. अध्यक्षांना सगळे कर्नल म्हणतात. ते सैन्यात कधीच नव्हते, साबणाच्या कारखान्यात कारकून होते, पण मिशा तशा आहेत. मंडळातल्या प्रत्येकाकडे जुनी गाडी आहे. चालणारी कुणाचीच नाही. पहिल्याच दिवशी मी अजाणतेपणी त्याबद्दल विचारलं, तर कर्नल माझ्याकडे बघून म्हणाले, "चालणारी गाडी काय, कुणीही दुकानातून आणतो." सगळे सभासद बसनं येतात. शेवटच्या बसची वेळ झाली की सभा संपते, मग ठराव निम्मा मंजूर झालेला असला तरी.

मंडळाला घटना नव्हती. मी म्हटलं, हे कसं चालेल? बसून लिहून काढली. 'वाहन' या शब्दाची व्याख्या करण्यात तीन रविवार गेले. दोन चाकं असावीत इथपर्यंत एकमत झालं, मग एका सभासदाकडे एकच चाक शिल्लक असल्याचं निघालं आणि पुन्हा पहिल्यापासून चर्चा करावी लागली. खूप दिवसांनी कामावर गेल्यासारखं वाटलं गं.

तुझ्या वहिनीची तब्येत उत्तम आहे. हल्ली रोज सकाळी समोरच्या गाणाऱ्या बाईंकडे जाते, ती थेट संध्याकाळी येते. गाणं शिकत असावी. घरात वावरताना लहान मुलांची गाणी गुणगुणते. वय झालं की माणूस पुन्हा मूल होतं म्हणतात ते काही खोटं नाही. मला त्यामुळे निवांतपणा मिळतो. मी मध्ये पडत नाही. ज्याला त्याला आपापला छंद हवा.

तुझा,
दादा


१८ एप्रिल

प्रिय वन्सं,
नमस्कार.

तुमचं चौकशीचं पत्र मिळालं. मी गाणं शिकते आहे का, म्हणून विचारलंत. गाणं नाही हो. मी पाळणाघर काढलंय.

गाडी घरात आली त्या दिवशी मी काही बोलले नाही हे खरं. बोलायला जागाच नव्हती. दाराशी चाक होतं, खिडकीत टाकी होती आणि मधे हे होते. रात्री पाणी प्यायला उठले तर पायात साखळी अडकली. तेव्हा मनाशी म्हटलं, आता वाट बघत बसलो तर बसलोच.

समोरच्या गाणाऱ्या बाईंची खालची खोली रिकामीच होती. त्यांचे शिष्य पांगले, आवाजही बसला. त्या म्हणाल्या, "या की. माझ्या घरात कुणीतरी सूर लावू दे." मार्चपासून सुरू केलं. आधी दोन मुलं होती, आता खोली भरलीय. सगळी एकदम सूर लावतात. बाईंची काही तक्रार नाही.

तुमच्या दादांना मी सांगितलेलं नाही. लपवलं मात्र नाही हं. त्यांनी विचारलं की सांगायचं, असं ठरवलं. अजून विचारलेलं नाही. परवा माझ्या पदराला खिमट लागलं होतं. हे बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता विचारतील. म्हणाले, "हे ग्रीस तू कुठून आणलंस? मला हवं होतं."

काळजी एकाच गोष्टीची. बाईंचा मुलगा वर्षाअखेर बायको-मुलांसह परत येतोय, तेव्हा ती खोली सोडावी लागेल. मुलांच्या आया आत्तापासून विचारताहेत, पुढे कुठं? मी सांगते, बघू.

एक गोष्ट मात्र यांच्या बाजूनं सांगायला हवी. इंजिनातला पिस्टन जाम होऊन बसला होता. यांनी तो रॉकेलमध्ये भिजत घातला आणि रोज लाकडानं हळूहळू ठोकत राहिले. परवा तो निघाला. हे तसेच, काळ्या हातांनी, स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "सुटला गं! आख्खी नोकरी लोकांचं अडवण्यात गेली. आज पहिल्यांदा काहीतरी सोडवलं." डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हाच सांगून टाकावंसं वाटलं होतं. पण तेवढ्यात ते पुन्हा बैठकीत गेले.

तुम्ही त्यांना यातलं काही लिहू नका.

तुमची,
वहिनी


२६ एप्रिल

प्रिय वहिनी,

लिहिणार नाही, शब्द देते. पण तुम्ही ग्रीसचं लिहिलंत ते वाचून माझा घास अडकला आणि ह्यांना पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

धन्य आहात. दादाच्या नाकासमोर, रस्त्यापलीकडे पाळणाघर! मुलांचा कलकलाटही त्याला ऐकू येत नाही? की त्याला वाटतं, समोर गाण्याचा क्लास जरा वाईट चाललाय?

वर्षाअखेरीला वेळ आहे. पण वहिनी, तो विचारेल याची वाट बघत बसू नका. आमच्याकडे प्रश्न विचारायची पद्धत नाही. वडीलही असेच होते.

तुमची,
वन्सं


१५ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मंडळ फुटलं. वर्तमानपत्रात आलं नाही, पण गावभर झालं आहे.

वाद तात्त्विक आहे, नीट समजून घे. कर्नल म्हणतात, गंज हा गाडीचा इतिहास आहे, तो खरवडणं म्हणजे पाप. दंतवैद्य म्हणतात, दातावरचं किटणही इतिहासच असतं, ते मी रोज खरवडतो आणि लोक वर आभार मानतात. झालं, मंडळाचे दोन भाग झाले, गंजवादी आणि रंगवादी. रंगवाद्यांकडे दवाखाना असल्यामुळे बाकं त्यांच्याकडे गेली. गंजवादी आता जिन्यावर सभा घेतात. दाढ दुखणाऱ्या माणसाला वर जाताना गंजवाद्यांची आणि पोचल्यावर रंगवाद्यांची बाजू ऐकावी लागते.

मी आधी गंजवादी होतो. त्या पक्षात काम कमी आहे. पण इंजिन आतून साफ करायला घेतलं आणि माझ्या निष्ठेवर संशय आला. कर्नल सगळ्यांसमोर म्हणाले, "चिटणीसांच्या नखांत गंज नाही, पॉलिश आहे." फार लागलं मला ते.

शेवटी मी तोडगा काढला. ज्याची गाडी आधी सुरू होईल, तो दोन्ही मंडळांचा अध्यक्ष. दुसऱ्या कुणाचीच होणार नाही असं प्रत्येकाला वाटत असल्यानं ठराव एकमतानं मंजूर झाला. येत्या ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सगळ्यांसमोर किक मारायची आहे.

आणि धाकटे, माझी होईल. खरंच होईल. इंजिन मी जोडलंय. पिस्टन गुळगुळीत वरखाली होतो. ठिणगी पडते, काल अंधारात दार लावून पाहिली. एवढीशी निळी ठिणगी. पोत्यातून निघालेल्या लोखंडात ती एवढी वर्षं कुठं दडून बसली होती कोण जाणे. हाक मारून तुझ्या वहिनीला दाखवणार होतो, पण ती घरात नव्हती. हल्ली नसतेच. कालपासून जरा चुकल्यासारखं वाटतंय.

त्या एका पोत्यातलं सामान मात्र अजून कशालाच लागलेलं नाही.

तुझा,
दादा


४ ऑगस्ट

चि. धाकटीस,

आडवा पडून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. गाडी सुरू झाली! शनिवारी दुपारी सरावासाठी म्हणून किक मारली आणि सुरू झाली. थोडाच वेळ, पण झाली.

पाय जरासा मुरगळला आहे. काळजीचं कारण नाही.

मंडळाचे लोक जरा त्रास देताहेत. सविस्तर मागाहून.

दादा


९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

दादाचं पत्र मिळालं. गाडी सुरू झाली म्हणतो आणि पाय जरासा मुरगळला म्हणतो. त्याला जरासा मुरगळला म्हणजे प्लास्टर असणार. खरं काय ते लगेच कळवा. येऊ का? शाळेचं मी बघते.

वन्सं


१६ ऑगस्ट

प्रिय वन्सं,
नमस्कार.

यायची गरज नाही. घोटा मोडलाय, प्लास्टर घातलंय, डॉक्टर म्हणतात हाड चांगलं बसलं. आता सगळं क्रमानं सांगते.

शनिवारी दुपारी मुलांना भरवत होते. समोरून किंकाळी आली. कडेवर एक मूल होतं, तसंच घेऊन धावले. हे गाडीशेजारी पाय धरून पडले होते. किक उलटी बसली होती. ठिणगी जरा आधी पडली की किकचा दांडा पायाला मागं फेकतो म्हणे. घामानं निथळत होते. वर बघितलं आणि मला म्हणाले, "हे मूल कुणाचं?"

मी म्हटलं, "सांगते. आधी हलू नका."

"आणि ती कुणाची?"

वळून बघते तर दारात आख्खं पाळणाघर उभं. एकमेकांचे हात धरून, मी शिकवलंय तसं, रांगेत रस्ता ओलांडून माझ्यामागं आलेलं. गाणाऱ्या बाई शेवटी उभ्या होत्या.

दवाखान्यात नेताना त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"मार्चपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

त्यावर यांनी डोळे मिटून घेतले. प्लास्टर घालून होईपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं, पाय दुखतोय. मग परत येताना म्हणाले, "गाणं शिकतेस असं धाकटीला लिहून बसलो गं मी." आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

घरी एकटं ठेवता येईना, म्हणून दिवसा मी त्यांना पाळणाघरातच नेऊन बसवते. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम काढला, झोपाळ्यावर बसायचं असेल तर आधी येऊन परवानगी घ्यायची. मुलांनी निमूटपणे रांग लावली. पहिल्या मुलाला हे म्हणाले, "कारण सांग." त्यानं खूप विचार केला आणि यांच्या चांगल्या पायावर चावा घेतला. त्या दिवसापासून झोपाळ्याला परवानगी लागत नाही.

आता मंडळाचं. गाडी सुरू झाली हे यांनी त्यांना कळवलं होतं. कर्नल आणि दंतवैद्य दोघंही आले, पलंगाच्या दोन बाजूंना बसले. दंतवैद्य म्हणाले, "पुरावा?" हे म्हणाले, "मी स्वतः ऐकलं." कर्नल म्हणाले, "उमेदवार स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. घटनेत आहे. तुम्हीच घातलंय."

हे माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही समोरच होती. हिला विचारा."

वन्सं, एवढा संसार झाला, पण 'हिला विचारा' हे शब्द मी यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. घर घेताना नाही, मुलीचं लग्न ठरवताना नाही, ती मोटरसायकल आणताना तर नाहीच. तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ऐकला. स्पष्ट ऐकला. चांगला दणदणीत होता."

"कसा होता? काढून दाखवा," कर्नल म्हणाले.

मी रोज मुलांना मोटारीचा आवाज काढून दाखवते, तोच काढला. कर्नलांनी डोळे मिटून ऐकला. म्हणाले, "एक सिलिंडर. बरोबर."

मग दोघं व्हरांड्यात जाऊन कुजबुजले. आत येऊन दंतवैद्य म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण साक्ष घरच्या माणसाची, त्यातून बाईमाणसाची, आणि विषय यंत्राचा. ग्राह्य धरता येणार नाही." फुटल्यापासून गंजवादी आणि रंगवादी यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

हे ताडकन उठायला गेले, प्लास्टरमुळे जमलं नाही, म्हणून बसूनच ओरडले. "तुमच्या सगळ्यांपेक्षा हिचा कान बरा आहे! जिथं हिचा शब्द चालत नाही तिथं माझी गाडीही नको आणि मीही नको." चिटणीसपद सोडलं, सभासदत्व सोडलं. दोघांनी राजीनामा तिथल्या तिथं मंजूर केला. एक उमेदवार कमी झाला ना.

ते गेल्यावर हे माझा हात धरून बराच वेळ बसले होते.

आता खरं सांगते, तुमच्याजवळच राहू द्या. मी आवाज ऐकला नाही. त्या वेळी दोन मुलं रडत होती आणि एक ताटलीवर चमचा बडवत होतं. त्यात इंजिन काय, विमान गेलं असतं तरी कळलं नसतं. मी ऐकली ती फक्त यांची किंकाळी.

तुमची,
वहिनी


३० सप्टेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालतो. गेल्या पत्रात 'जरासा मुरगळला' लिहिलं होतं, तो मोडला होता. तुला एव्हाना कळलं असेलच.

बैठक रिकामी केली. रविवारी मुलांचे आईबाप आले होते, त्यांनी हातोहात गाडी उचलून मागच्या अंगणात नेली. वर पत्रा घातलाय. भिंतींना रंग चालू आहे, पिवळा. मला निळा बरा वाटत होता, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. पुढच्या महिन्यात समोरचं सगळं बिऱ्हाड इकडे येईल. दारातला उंबरा मुलांना उंच पडतो म्हणून मी विटा रचून पायरी केली. स्वतःच्या हातानं. थोडी तिरकी झालीय. माझ्या खात्यानं मंजूर केली नसती.

मंडळाची आठवण येत नाही असं नाही. ऐकतो की गंजवाद्यांतही आता दोन तट पडलेत.

आता एक गोष्ट फक्त तुला म्हणून सांगतो. वहिनीजवळ बोलू नकोस. गाडी सुरू झाली असं मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं, पण मला स्वतःलाच खात्री नव्हती. किक मारली, दणका बसला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. काहीतरी आवाज झाला खरा. तो इंजिनाचा होता की हाडाचा, देव जाणे. पाय मोडून घेतल्यावर 'सुरू झाली नाही' म्हणायला जीभ रेटेना. मंडळींनी पुरावा मागितला तेव्हा पुरता अडकलो. तुझ्या वहिनीकडे बोट दाखवलं ते सुटका म्हणून. म्हटलं, ती सांगेल, मला काही ऐकू आलं नाही, आणि विषय तिथंच मिटेल. बायकोनं ऐकलं नाही यात कुणाची नामुष्की नाही.

तर ती म्हणाली, ऐकला! नुसता ऐकला नाही, काढून दाखवला. हुबेहूब, धाकटे. कर्नलांनीसुद्धा ओळखला.

तू तुझ्या वहिनीला ओळखतेस. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. एवढ्या वर्षांत मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा ती कधी खोटं बोललेली नाही. तिनं ऐकला म्हणजे गाडी सुरू झाली होती! मीच माझ्यावर उगाच शंका घेत होतो. तेव्हापासून रात्री झोप चांगली लागते.

एकदा झाली ती पुन्हाही होईल. या वेळी किक मारताना शेजारी उभी राहशील का, असं तिला विचारलं. म्हणाली, राहीन, पण मुलं झोपलेली असताना नाही.

तुझा,
दादा


११ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पिवळा रंग दिलात ना, बरं केलंत. नवीन जागेला माझ्याकडून मोठी सतरंजी पाठवते आहे, आमच्या शाळेतली मुलं बसतात तसली. धुतली तरी आटत नाही.

दादाचं पत्र आलं. स्वारी खुशीत आहे. त्यात काय लिहिलंय ते मला विचारू नका. तुमच्या पत्रात काय होतं, ते तोही विचारणार नाही. मला वाटतं, आता हे इथंच राहू द्यावं.

फक्त माझी पंचाईत झालीय. माझ्या वर्गात खोटं बोलणाऱ्याला मी बाहेर उभं करते, सगळ्या शाळेला ठाऊक आहे. काल जेवताना ह्यांनी विचारलं, "काय गं, दादांची गाडी खरंच सुरू झाली होती का?" मी म्हटलं, "झाली होती. वहिनींनी ऐकली." ह्यांचं समाधान झालं, पुन्हा जेवायला लागले.

मी उठले आणि थोडा वेळ व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तुमची,
वन्सं